मंदाकिनीबाई आणि छातीतलं पाणी

डॉ. मंदाकिनी पळसुले जिथे उभ्या राहतील तिथे काहीतरी वाजवत. डाव्या हाताचं मधलं बोट पालथं टेकवायचं आणि उजव्या हाताच्या मधल्या बोटानं त्यावर दोनदा ठोकायचं, अशी ती पद्धत. देवासमधल्या ज्या छोट्या खाजगी दवाखान्यात मी चौदा वर्षं एक्स-रे काढले, तिथल्या पाण्याच्या टाकीवर, औषधांच्या कपाटावर, माझ्या टेबलावर, अगदी चहाच्या खोलीतल्या गॅसच्या सिलिंडरवरही त्यांनी बोटं वाजवलेली मी पाहिली आहेत. सिलिंडरात किती गॅस उरला ते त्या सांगत आणि बहुतेक वेळा ते बरोबर निघे. चहा करणाऱ्या शांताबाईंचं ठाम मत होतं की डॉक्टरबाईंना हा चाळा आहे. चाळा होताच, पण त्या चाळ्यावर कित्येक माणसं घरी चालत गेली.

बाई छातीच्या डॉक्टर. लग्न केलेलं नव्हतं. माहेर धारचं, त्यांचे आजोबा, पणजोबा संस्थानच्या कचेरीत कामाला होते. साडी कायम सुती, डबा कायम घरचा. रागीट म्हणून त्यांची ख्याती होती आणि ती अगदीच खोटी नव्हती. आमच्यातली तरुण मंडळी त्यांच्याशी हिंदीत सुरू झाली की त्या म्हणत, "मराठी येतं ना? मग बोल. चुकलं तर मी आहे." आणि चुकलं की खरंच तिथल्या तिथे दुरुस्त करत. त्यामुळे निम्मी मंडळी त्यांच्यासमोर गप्पच राहायची.

त्यांचा एक नियम मला सुरुवातीला फार लागायचा. मी काढलेला फोटो त्या लगेच बघत नसत. आधी पेशंटला बसवून त्याच्या पाठीवर वरून खाली बोटं वाजवत यायच्या. जिथवर हवा आहे तिथवर पोकळ आवाज येतो, पाण्यावर आलं की तो बद्द होतो. जिथे आवाज बदलला तिथे त्या पेनानं रेघ मारायच्या आणि मग माझा फोटो प्रकाशाला लावायच्या. म्हणजे परीक्षा माझी. "पाठ आधी, फोटो मग," असं त्यांचं म्हणणं. मी मनात म्हणायचो, एवढं लाखांचं मशीन आहे आणि ह्यांचा भरवसा बोटांवर.

मग धरमपुरीचा एक नावाडी आला. तिशीच्या आतला, महिनाभर ताप, कोरडा खोकला, नुसता सापळा उरलेला. त्याची बहीण देवासला दिलेली, म्हणून इकडे आणला होता. आधाराशिवाय बसवत नव्हतं, म्हणून मी त्याला आडवा ठेवूनच फोटो काढला. उजवी बाजू किंचित धूसर दिसत होती, बाकी काही नाही. मी ऐटीत जाऊन सांगितलं, "पाणी नाहीये, मॅडम."

बाईंनी त्याला बहिणीच्या आधारानं बसवून पाठीवर रेघ आधीच मारून ठेवली होती. चांगली वर, खांद्याच्या हाडाच्या मध्यावर. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "आडवा काढलास ना? आडव्या माणसाचं पाणी पाठभर पसरतं, तळाशी दिसत नाही. दोघांना धरायला सांग आणि बसव त्याला."

बसवून काढलेल्या फोटोत उजवी छाती अर्धी पांढरीफटक होती, आणि त्या पांढऱ्याची वरची कड त्यांच्या रेघेला जाऊन भिडली होती. मी मान खाली घालून उभा राहिलो. त्या रागावतील असं वाटलं होतं. पण त्या म्हणाल्या, "आता तुझा फोटो आणि माझी पाठ जुळली," आणि सुईची तयारी करायला लागल्या.

त्या दिवशी त्यांनी मला पहिल्यांदा समजावून सांगितलं. लोक सरसकट म्हणतात, छातीत पाणी झालं. पण त्याचे प्रकार दोन. फुप्फुसाला बाहेरून दोन पातळ पापुद्रे असतात, त्यांच्या मधल्या फटीत पाणी साचतं तो एक. त्यात फुप्फुस बाहेरून दाबलं जातं, आणि हे पाणी सुईनं काढता येतं. दुसऱ्यात पाणी फुप्फुसाच्या आतच झिरपतं, जिथे हवा खेळायची तिथे. ते सुईनं निघत नाही. ते का झिरपतंय ते शोधावं लागतं. "आणि पाणी हा काही आजार नाही, सुधाकर," त्या म्हणाल्या. "ते कुठून आलं, हा आजार."

नावाड्याचं पाणी गवती चहाच्या रंगाचं निघालं. बाईंनी ते अगदी सावकाश काढलं आणि लिटरभर झाल्यावर थांबल्या. बहिणीनं विचारलं, सगळं का नाही काढत? एकदम सगळं काढलं तर इतके दिवस दबलेलं फुप्फुस झटक्यात फुलतं आणि उलट स्वतःच सुजतं, असं त्यांनी तिला हिंदीत दोनदा सांगितलं, तिला कळेपर्यंत. तपासणीत क्षय निघाला. सहा महिन्यांचं औषध त्यानं नेमानं घेतलं आणि पुढच्या उन्हाळ्यात तो नर्मदेच्या वाळूतली दोन टरबुजं खांद्यावर टाकून दवाखान्याचा जिना चढून वर आला. तेव्हापासून मी आडवा फोटो नाइलाज असल्याशिवाय काढला नाही.

पण बाईंचं खरं हत्यार बोटं नव्हतीच. त्या विचारायच्या फार. आणि विचारायला त्या कशा शिकल्या, हे मला पीपलरावां गावच्या एका पटेलांमुळे कळलं. पटेल साठीचे, हृदय कमजोर. हृदय दमलं की पुढे ढकलायचं रक्त मागे तुंबतं, आणि मागे फुप्फुसं असतात. त्यांत पाणी झिरपायला लागतं. पाणी लघवीवाटे काढायच्या गोळ्या चालू होत्या, मीठ बंद करायला सांगितलं होतं. मीठ अंगात पाणी धरून ठेवतं. तरीही पटेल दर महिन्याला धापा टाकत हजर. तिसऱ्या खेपेला बाईंनी त्यांना समोर बसवलं.

"दादा, लूण छोड़ा?"

"कब को छोड़ी दियो, बई साब. घर में पूछी लो."

"सवेरे क्या खाया?"

"पोहा."

"उस पर?"

"सेव."

"दोपहर को?"

"दाल-रोटी. ऊपर थोड़ी सेव."

"शाम को?"

"सेव-टमाटर."

"तो सेव में लूण नहीं पड़ता, दादा?"

पटेल खरोखर चकित झाले. "सेव तो सेव हे, बई साब. वा कई खाणो थोड़ी हे!"

मी तोंडावर हात धरून बाहेर पळालो. माळव्यात शेव ही खाण्यात मोजत नाहीत, ही गोष्ट मला जन्मापासून ठाऊक होती. आमच्याही घरी तेच. पटेल गेल्यावर बाईंनी मला आत बोलावलं. "हसू नकोस. ते खोटं बोलले नाहीत. मीठ सोडलंत का, असं मी विचारलं, त्यांनी सोडलं म्हणून सांगितलं. माझं विचारणं कमी पडलं." त्या दिवसापासून त्यांनी मीठ हा शब्दच टाकला. सकाळी उठल्यापासून झोपेपर्यंत तोंडात काय काय गेलं ते पेशंटनं ओळीनं सांगायचं, आणि तो थांबला की बाई म्हणायच्या, "और?" तो आणखी काही सांगायचा. "और?" पापड निघायचा, लोणचं निघायचं, उपासाच्या खिचडीतलं सैंधव निघायचं, एकादशीचं मीठ मिठात धरत नाहीत म्हणून. नवऱ्याला बाहेर बसवून बायकोला वेगळं विचारायच्या. बाहेर रांग वाढायची, लोक कुरकुरायचे, पण बाईंचं "और?" काही थांबायचं नाही.

आणि ह्या बाईंच्या सख्ख्या भावाच्या छातीत वर्षभर पाणी येत राहिलं.

अण्णा त्यांच्याहून तेरा वर्षांनी मोठे. वडील लवकर गेले, तेव्हा अण्णांनीच मंदाला इंदूरला डॉक्टरकीला धाडलं होतं. ते धारला शाळेत गणित शिकवायचे आणि निवृत्त झाल्यावर घराला लागून असलेल्या घराण्याच्या राममंदिराची पूजा पूर्णवेळ बघू लागले. बायको वारली होती. मुलगा विवेक पीथमपूरच्या कारखान्यात नोकरीला, सून पूनम घरात. अण्णांना हृदयविकाराचा झटका येऊन गेला आणि त्यानंतर हृदय जे दमलं ते दमलंच. बाई त्यांना दोन-तीन महिन्यांनी देवासला आणायच्या आणि फोटो मी काढायचो. शर्ट काढून मशीनला छाती टेकवून उभे राहताना ते, इकडे भावाला भिया म्हणतात तसं, म्हणायचे, "भिया, जानवं येईल का फोटोत?" मी म्हणायचो, "नाही येत, अण्णा." "मग निदान पाणी तरी येऊ देऊ नका."

पण पाणी यायचंच. गोळ्या चालू होत्या. रोज सकाळी वजन करून वहीत लिहायचं, तीन दिवसांत दोन किलो वाढलं तर फोन करायचा, हेही चालू होतं. पूनमनं स्वयंपाकघराच्या भिंतीवर कागद लावला होता: अण्णांच्या जेवणात मीठ नाही. अण्णा शिस्तीचे, अळणी जेवण एका शब्दानं तक्रार न करता जेवायचे. तरी पाय सुजायचे, रात्री तीन उशा लागायच्या, आणि बाईंनी पाठीला स्टेथोस्कोप लावला की तळाशी बारीक चुरचुर ऐकू यायची. बाईंनी गोळीचा डोस वाढवला. पुन्हा वाढवला. इंदूरच्या हृदयाच्या डॉक्टरांना दाखवून झालं. वाढत्या डोसनं मूत्रपिंडांवर ताण यायला लागला, रक्ताच्या तपासणीत आकडे बिघडायला लागले. एका बाजूला छाती, दुसऱ्या बाजूला मूत्रपिंडं, आणि मध्ये बाई. चौथा फोटो प्रकाशाला लावून त्या बराच वेळ उभ्या होत्या. "सगळं पथ्य पाळतायत, सुधाकर. मग येतंय कुठून हे?" त्यांच्या आवाजात भीती मी तेव्हा पहिल्यांदा ऐकली.

दर रविवारी त्या धारला जायच्या. एका रविवारी त्यांच्या ड्रायव्हरच्या घरी लग्न होतं आणि माझी सासुरवाडी धारजवळच्या तिरल्याची, वाटेवरच्यासारखी. मी म्हटलं, मी नेतो. पोचलो तेव्हा पूजा आटोपत आली होती. पूनम सोवळ्यात स्वयंपाकघरात होती. नैवेद्य दाखवून झाला आणि आम्ही मंदिराच्या चौकात पानांवर बसलो. अण्णा, त्यांच्या शेजारी बाई, समोर विवेक आणि मी.

पूनम माझ्यापाशी येऊन हळूच म्हणाली, "भिया, आमटीत मीठ ठीक आहे ना? भोगाचं चाखता तर येत नाही. आणि देवाच्या पानात वरून मीठ वाढत नाहीत, म्हणून मी अंदाज से थोड़ा ज़्यादा ही डालती हूँ."

मी म्हटलं, "एकदम बराबर आहे."

बाईंचा हात पानावरच थांबला. "पूनम," त्या म्हणाल्या, "अण्णांच्या पानात काय वाढलंयस?"

"त्यांचं जेवण अलग ठेवलंय ना, आत्या. बिना नमक का. ते नंतर. आधी हा प्रसाद आहे."

"रोज?"

"रोज. देवाचं ताट अण्णाच घेतात ना."

"पूर्ण ताट?"

पूनमला काय चुकतंय ते कळेना. ती अण्णांकडे बघायला लागली. अण्णा शांतपणे म्हणाले, "मंदे, पुजाऱ्यानं देवाचं ताट टाकायचं नसतं. आणि प्रसादाला कसलं आलंय पथ्य?"

"अण्णा, तुमच्या छातीला प्रसाद ओळखता येत नाही."

मग अण्णा म्हणाले, "देवाला मी अळणी घालणार नाही."

"घालू नका. तुम्ही एक शीत घ्या. प्रसाद म्हणून तेवढं पुरे. बाकीचं ताट ह्या दोघांचं."

अण्णांनी डोळे मिटून घेतले. पन्नास वर्षं त्या ताटावर जेवलेला माणूस. मग त्यांनी एक शीत उचलून तोंडात घातलं आणि ताट विवेककडे सरकवलं. मला तिथून उठून जावंसं वाटलं. परतीच्या वाटेवर इंदूर ओलांडेपर्यंत बाई एक अक्षर बोलल्या नाहीत. मला वाटलं, शोध लागल्याचं समाधान असेल, थकल्या असतील. माझ्या मूर्खपणाला तोड नव्हती.

तीन आठवड्यांत अण्णांचं वजन चार किलोनं उतरलं. गोळीचा डोस निम्म्यावर आला. उशी एकच राहिली. पाचवा फोटो मी काढला तो इतका स्वच्छ की मी तो दोनदा तपासला. अण्णा म्हणाले, "बघा, आता जानवं दिसत असेल." पण मूत्रपिंडं जी थकली होती ती पूर्ववत झाली नाहीत, आणि हृदय तर दमलेलंच होतं. पाच महिने गेले. एका सकाळी काकड आरती झाल्यावर ते गाभाऱ्याबाहेरच्या खांबाला टेकून बसले आणि तसेच गेले. धाप नाही, घुसमट नाही. बाईंना त्याचंच भय होतं, ते तरी टळलं.

तेराव्याच्या आधी बाईंचा मला फोन आला. "अण्णांचे सगळे फोटो घेऊन ये." मला वाटलं, आठवण म्हणून ठेवायचे असतील. मी पाचही फोटो मोठ्या पाकिटात घालून धारला गेलो.

मंदिराच्या चौकात पंगत बसली होती. चाळीसएक माणसं, बरीचशी इंदूरची, उज्जैनची. वातावरण काही नीट नव्हतं. पूनम दिसत नव्हती. विवेक वाढत होता, पण त्याचा चेहरा दगडी. शेजारच्या पानावरच्या गृहस्थांनी मला हळूच सांगितलं: सुनेनं मीठ चारलं म्हणे, डॉक्टरांनी बंद केलेलं. विवेक दहा दिवस तिच्याशी बोललेला नाही. तिची आई तिला न्यायला आली आहे. बायकांच्या ओळीत एक काकू मोठ्यानं म्हणाल्या, "आजकालच्या मुलींना पथ्य सांभाळायला काय होतं?" आतल्या स्वयंपाकघरापर्यंत जाईल इतक्या मोठ्यानं.

बाई जेवायला बसलेल्या नव्हत्या. त्या माझ्यापाशी आल्या, पाकीट घेतलं आणि चौकाच्या मधोमध, जिथे ऊन पडत होतं तिथे जाऊन उभ्या राहिल्या. एक फोटो काढून त्यांनी दोन्ही हातांनी उन्हाकडे धरला. बोलणी आपोआप थांबली.

"हा अण्णांच्या छातीचा फोटो. हे खाली पांढरं दिसतंय, ते पाणी. ह्याच्या आदल्या रविवारी मी ह्याच चौकात त्यांच्या शेजारी बसून जेवले." त्यांनी दुसरा फोटो धरला. "ह्याच्याही आदल्या रविवारी. आणि ह्याच्या." तिसरा, मग चौथा. "वर्षभर दर रविवारी मी तोच प्रसाद खाल्ला. ते मीठ माझ्या जिभेवर होतं. मी पूनमला म्हणायची, आमटी झकास झालीये, आणखी वाढ. चार फोटो मी बघितले आणि दर वेळी गोळी वाढवली. त्या गोळ्यांनी त्यांची मूत्रपिंडं गेली."

"अगं मंदा, आता हे कशाला..." काकू म्हणाल्या.

"कारण तुम्ही नाव तिचं घेताय. तिला जे सांगितलं ते तिनं तंतोतंत केलं. अण्णांच्या जेवणात तिनं कणभर मीठ घातलं नाही. खेड्यातल्या अनोळखी माणसाला मी तास-तास विचारते, काय काय खाल्लंस म्हणून. अण्णांना एकदाही विचारलं नाही. मला वाटायचं, ह्या घरातलं मला सगळं माहीत आहे." त्या विवेककडे वळल्या. "डॉक्टर मी होते. चूक माझी आहे. विवेक, ऐकतोयस ना?"

विवेकनं हातातलं भांडं जिथल्या तिथे खाली ठेवलं आणि तो आत गेला. थोड्या वेळानं आतून पूनमच्या रडण्याचा आवाज आला, मग दोघांचंही बोलणं ऐकू यायला लागलं. पंगतीत कुणीतरी पाण्याचं भांडं उचललं. काकूंनी पदर तोंडाला लावला.

बाई मात्र अजून तशाच उभ्या होत्या, चौथा फोटो उन्हाकडे धरून. मी पानावरून उठलो, खरकटा हात पाठीमागे धरला आणि दुसऱ्या हातानं तो फोटो त्यांच्याकडून घेतला. त्यांनी तो सोडला आणि चौदा वर्षांत मी पहिल्यांदा त्यांना रडताना पाहिलं, सगळ्यांसमोर, तोंड न लपवता.